नवख्या क्वार्टरबॅककडून काय अपेक्षा ठेवावी?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये पहिल्या वर्षीच्या क्वार्टरबॅकला (पास देणाऱ्या मुख्य खेळाडूला) आकड्यांवरून निकालात काढू नये. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये २६ टचडाउन पास दिले, पण २८ पास थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले (इंटरसेप्शन). नवख्यांमधला हा नकोसा विक्रम. त्याचा इंडियानापोलिस कोल्ट्स संघ १६ पैकी १३ सामने हरला. पुढच्याच वर्षी त्या संघाने १३ जिंकले.

प्रश्न हाताच्या ताकदीचा नसतोच. दोन खेळींमध्ये ४० सेकंद मिळतात आणि १५ उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. त्यानंतर समोरची बचावफळी ओळखणं, ऐनवेळी चाल बदलणं, सगळं त्या पोराने एकट्याने करायचं. त्यात त्याला राखणारी फळी कच्ची असेल तर हालच. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला पहिल्याच हंगामात ७६ वेळा चेंडूसकट आडवं केलं गेलं.

सी. जे. स्ट्राउडसारखा (२०२३ : २३ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन) नवखा हा अपवाद, त्याला मापदंड मानणं बाकीच्यांवर अन्याय आहे. थांबण्याची तयारी हवी. पॅट्रिक माहोम्सला कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये एकाच सामन्यात खेळवलं. २०१८ मध्ये त्याने ५० टचडाउन पास दिले.