साखरपुड्याआधी रक्त तपासा

आम्ही विदर्भात वॉर्डात नर्स होतो, तेव्हा सिकलसेलची लेकरं हाडं दुखतात म्हणून रात्रभर कळवळायची. ‘नाटकं करतात’ म्हणणारेही होते. आमच्या घरातही हेच दुखणं. नाइट ड्युट्या करत इन्चार्ज सिस्टर झालो, पण नुसत्या सलाईननं हा आजार पुढच्या पिढीत जायचा थांबत नाही, हे तिथंच उमगलं. म्हणून आता वस्तीत, विहारात फिरतो.

वाहक माणूस ठणठणीत दिसतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता 25 टक्के. सॉल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, की वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिसनं कळतं.

मंडळी मुलीचंच रक्त तपासायला आणतात. आम्ही नवरदेवालाही बाकावर बसवतो.