रानाचा हिशेब : लेखांक ६ – मारून कळप कमी होतो का?

गेल्या लेखांकात रानातल्या जनावरांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीचा पंचनामा कसा होतो ते पाहिलं. ते वाचून कुणीही विचारेल, ‘मग मारून का टाकत नाहीत?’ हा प्रश्न तपासायला धार-देवासचा मुलूख चांगला आहे. पवारांच्या या संस्थानांत शिकार हा दरबारी शौक होता, धारच्या डोंगरात ती भिल्लांच्या पोटाची सोय होती. आज दोन्ही बंद आहेत आणि माळव्याच्या काळ्या रानात काळवीट आणि नीलगाय मोकळे फिरताहेत.

नीलगाय म्हणजे आपली रोही. माळव्यात तिला रोजडा किंवा घोडारोज म्हणतात. काळवीट आणि रोही पिकाचं नुकसान वेगवेगळ्या तऱ्हेने करतात. काळविटांचा कळप उगवत्या सोयाबीनचे कोवळे शेंडे खुडत ओळीच्या ओळी साफ करतो. रोही खाते त्याहून जास्त तुडवते. हरभऱ्यात एक कळप रात्रभर बसला की सकाळी जागोजाग झोपलेलं पीक दिसतं आणि बांधाजवळ लेंड्यांचा ढीग. रोही रोज त्याच ठरलेल्या जागी लेंड्या टाकते, त्यामुळे कळप नुसताच जाऊन-येऊन आहे की मुक्कामाला आलाय, हे शेतकऱ्याला त्या ढिगावरून कळतं. मग जागल सुरू होते : माळा, बॅटरी, फटाके आणि दिवसा पुन्हा शेतातलं काम.

कळप वाढले कसे? चित्ता संपला, लांडगा विरळ झाला, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. गवताची कुरणं नांगराखाली गेली, पण त्यांच्या जागी सोयाबीन, गहू, हरभरा असा गवताहून कसदार चारा जवळजवळ वर्षभर उभा राहू लागला.

जुन्या काळी तरी शिकारीने कळप आटोक्यात राहत होते का? भिल्लांचा तीरकामठा घ्या. बांबूचा कामठा, बांबूच्याच सालीची दोरी, लोखंडी पात्याचा तीर. जनावर अगदी जवळ आलं तरच नेम उपयोगाचा, म्हणून ही शिकार झाडोऱ्यात दबा धरून किंवा हाका घालून करायची. काळवीट मात्र उघड्या माळावर राहतं आणि माणूस दुरून दिसताच पळतं. धारच्या कुक्षी-मनावरकडच्या टेकड्यांतला तीर आणि पठारावरचा कळप यांची गाठ क्वचितच पडायची.

दरबारी शिकारीचा उत्तम नमुना कोल्हापूरचा, आणि त्याचं देवासशी नातंही आहे : देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन छत्रपती शहाजी झाले. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळून काळविटांवर सोडत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवायचा. बैलगाडीला काळवीट बुजत नाहीत, त्यामुळे गाडी कळपाभोवती फिरत जवळ जायची. मग टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. नजर बहुधा मोठ्या काळ्या नरावर असे, कारण मान आणि शिंगं त्याचीच.

खरी गोम इथेच आहे. या प्राण्यांत एक नर अनेक माद्यांना पुरतो. समजा, कळपात ५० जनावरं आहेत, त्यांत ३० माद्या, आणि वर्षाला २० पिल्लं जगतात. नैसर्गिक मरतूक तूर्त सोडून देऊ. दहा नर मारले तर पुढच्या वर्षी कळप ६०वर जातो. दहा माद्या मारल्या तरी उरलेल्या वीसजणींची तेरा-चौदा पिल्लं जगतात आणि कळप ५३-५४वर जातो. कळप आहे तेवढाच ठेवायला त्या वर्षी बारा माद्या टिपाव्या लागतील. रोहीला तर पुष्कळदा जुळं होतं. बंदूकवाल्याला मात्र दुरूनही उठून दिसतो तो निळसर करडा नर. तपकिरी माद्या कळपात मिसळून जातात.

आता परवानगी आणि खर्च. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. केवळ पीक खाल्लं म्हणून त्याला मारायची परवानगी मिळूच शकत नाही. रोही दुसऱ्या अनुसूचीत आहे, उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकारी परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्रानेही २०१५मध्ये रोही आणि रानडुकरासाठी अशी वाट मोकळी केली. पण अर्ज, पाहणी, परवानाधारक बंदूक आणि नेमबाज, मग मेलेल्या जनावराची विल्हेवाट, एवढं एका शेतकऱ्याने एक-दोन जनावरांसाठी करायचं. कळप बिचकून चार दिवस शेजाऱ्याच्या रानात जातो, एवढीच कमाई. बिहारने २०१६मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारल्या, त्यावरून केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. इतकं करूनही अशी मोहीम दरवर्षी चालवली नाही तर वरचा हिशेब तिलाही लागू होतो.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा मेळ बसतो तो वेगळ्या कारणांनी. तिथे धनुष्यबाणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो, माद्यांसाठी वेगळे परवाने निघतात आणि खर्च शिकारी स्वतः उचलतो. परवान्याच्या शुल्काखेरीज शस्त्रांवरचा कर १९३७च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाकडे वळवलेला आहे. आपल्याकडे यातलं काहीच नाही, आणि हौसेची शिकार पुन्हा सुरू करावी असं बहुतेकांना वाटतही नाही.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२५मध्ये दुसरा मार्ग धरला. देवासला लागून असलेल्या शाजापूर जिल्ह्यात आणि आसपास हेलिकॉप्टरने कळप हळूहळू हाकत नरसाळ्यासारख्या कुंपणात, म्हणजे ‘बोमा’त आणले आणि तिथून वाहनांत चढवले. ८४६ काळविटं आणि ६७ रोही पकडून गांधीसागरसारख्या अभयारण्यांत सोडल्या. गांधीसागरात त्याच वर्षी चित्तेही आणलेले होते, त्यामुळे माळव्याच्या शेतातली अडचण तिथे शिकार म्हणून उपयोगी पडते.

हेलिकॉप्टर, पशुवैद्य आणि वाहनं पाहता हे महागडं वाटतं. पण बोमा नर-मादी निवडत नाही. कळपच्या कळप उचलतो, म्हणजे माद्याही जातात. बंदुकीला जे साधत नाही ते इथे साधतं. मर्यादा एवढीच की मोकळ्या झालेल्या रानात शेजारचे कळप सरकतात, तेव्हा चारा उघडा असेल तर काही वर्षांनी हेलिकॉप्टर पुन्हा बोलवावं लागेल.

म्हणून माझा कौल असा : कळप कमी करायला एकेकट्या शेतकऱ्याची शिकार परवडत नाही. पहिला रुपया कुंपणावर जावा, तोही एका शेताच्या नव्हे तर गावाच्या शिवाराच्या. कुंपण शक्य नसेल तिथे कळप हलवावेत. गोळी झाडायचीच तर एखाद्या ठराविक, न हटणाऱ्या रोहीपुरती, आणि ‘किती मारल्या’ याऐवजी ‘किती क्विंटल वाचले’ याची नोंद ठेवून.

पुढच्या लेखांकात गावकुंपणाचा खर्च : सौर झटका यंत्र, जाळी आणि चर यांत एकरी काय पडतं, आणि वर्गणी न देणाऱ्याचं काय करायचं.