मुळशी तालुक्यातील पारंपरिक गृहसजावट

मुळशी हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, सह्याद्रीच्या घाटमाथ्याला लागून असलेला तालुका असून पौड हे त्याचे मुख्यालय आहे. या तालुक्यातील जुन्या घरांच्या मांडणीवर व सजावटीवर दोन परंपरांचा प्रभाव दिसतो : मावळातील शेतकऱ्याचे दगड-माती-लाकडाचे घर आणि पुण्यातील पेशवेकालीन वाडा. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून भूगाव, पिरंगुट, लवळे इत्यादी गावांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या बंगल्यांत व शेतघरांत याच परंपरांतील खांब, दरवाजे, कोनाडे, झोपाळे, समया आणि तांब्या-पितळेची भांडी नव्या पद्धतीने मांडली जातात. या वस्तूंपैकी बहुतेक वस्तू मुळात केवळ शोभेसाठी नव्हत्या. पाऊस, ओल, अंधार आणि धान्याची साठवण या रोजच्या गरजांवरचे ते उपाय होते.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुळा आणि मोसे या नद्यांची खोरी मुळशी तालुक्यात येतात. हा प्रदेश ऐतिहासिक मावळ प्रांताचा भाग होय. पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या मानाने तालुक्याच्या पश्चिमेकडील ताम्हिणी परिसरात पाऊस कितीतरी पटींनी अधिक असतो. भात हे येथील मुख्य पीक असून आंबेमोहोर व इंद्रायणी हे तांदूळ प्रसिद्ध आहेत. डोंगरउतारांवरील जंगलात ऐन, जांभूळ, हिरडा हे वृक्ष आणि कारवीची झुडपे आढळतात. घर बांधण्याचे साहित्य याच परिसरातून मिळत असे.

मुळा नदीवर टाटा कंपनीने जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्यास घेतले, तेव्हा त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्यामुळे ‘सेनापती’ हे नाव मिळाले. धरण झाल्यावर खोऱ्याच्या तळातील अनेक गावे व भातखाचरे पाण्याखाली गेली. त्यामुळे मुळा खोऱ्यातील जुन्या वस्तीचा आणि घरांचा मोठा भाग आज पाहता येत नाही.

घराची रचना

जुने घर दगडी जोत्यावर उभे असते. जोत्याची उंची पावसाचे पाणी व जमिनीची ओल दूर ठेवण्यासाठी राखलेली असते. घराचा भार लाकडी सांगाडा पेलतो. भिंती मुख्यतः आडोशाचे काम करतात. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात व घराचा आकार खणांतच सांगितला जातो, उदा. तीन खणी किंवा पाच खणी घर. खांबांवर तुळया, त्यांवर आढे, वासे व रीपा आणि सर्वांत वर कौले अशी छपराची बांधणी असते. मोठ्या पावसामुळे छपराला तीव्र उतार दिलेला असतो आणि त्याच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढलेले असते.

पूर्वी छपरावर गवत किंवा गावच्या कुंभाराची नळीची कौले असत. मंगळूर येथे १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर सपाट मंगलोरी कौलांचा पश्चिम भारतात प्रसार झाला. साध्या घरांत कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर माती व शेण लिंपले जाई. कातकरी व धनगर वस्त्यांवरील घरांत ही पद्धत विशेष आढळते.

आत शिरताना प्रथम ओसरी किंवा पडवी, मग माजघर, त्याच्या आत देवघर व स्वयंपाकघर आणि वर माळा असा क्रम सामान्यतः असतो. गोठा घराला जोडून किंवा अगदी लगत असतो. माळ्यावर भात, सरपण आणि वर्षभराची बेगमी ठेवली जाते. खालच्या चुलीचा धूर वर जात असल्याने पावसाळ्यातही ती कोरडी राहते व लाकडाला कीड कमी लागते.

सजावटीचे घटक

लाकूडकाम : खांब थेट जमिनीत न रोवता ‘तळखडा’ नावाच्या घडीव दगडावर उभा करतात, कारण ओल लागल्यास लाकडाचा पाया कुजतो. खेड्यातील खांब साधे चौकोनी असतात, तर वाड्यांत सुरूच्या झाडासारखे निमुळते, ‘सुरूदार’ खांब व केळफुलाची नक्षी दिसते. पुण्यातील विश्रामबागवाडा हे या शैलीचे प्रसिद्ध उदाहरण असून तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८०७ मध्ये पूर्ण झाला. मुख्य दरवाजाच्या वरच्या आडव्या फळीवर गणपतीची आकृती कोरलेली असते. तिला गणेशपट्टी म्हणतात. दरवाजा आतून बंद करण्यासाठी भिंतीत सरकणारा अडसर आणि बाहेरून कडी-कोयंडा असतो. वाड्यातील दिवाणखान्याच्या छताला फळ्यांची तक्तपोशी केलेली असते.

कोनाडे व खुंट्या : मातीच्या भिंती जाड असल्याने त्यांत कोनाडे ठेवता येतात. दिवा ठेवण्याच्या लहान कोनाड्याला देवळी म्हणतात. काळोख्या माजघरात वाऱ्याने दिवा विझू नये आणि ज्योतीचा प्रकाश मागच्या सफेदीवरून परतून पसरावा, हा तिचा उपयोग. भिंतीतील लाकडी फडताळ आणि कपडे, घोंगडी वा इरले टांगण्याच्या खुंट्या यांमुळे सुट्या सामानाची गरज कमी होते. जुने घर मोकळे वाटते त्याचे हे एक कारण होय.

भिंती व जमीन : भिंतींना चुन्याची सफेदी देतात, तिला निळसर झाक यावी म्हणून थोडी नीळ मिसळतात. खालचा पट्टा गेरूने रंगवण्याची पद्धत आहे. हा पट्टा दिसायला रेखीव असतोच, शिवाय सारवताना उडणारे शिंतोडे त्यावर उठून दिसत नाहीत. जमीन शेणाने सारवतात. पुढे शहाबादी फरशी आणि नक्षीदार सिमेंटच्या फरश्या आल्या. अशा फरश्या बनवणारी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी मुंबईत १९२२ मध्ये स्थापन झाली.

दिवे व भांडी : समई, निरांजन, लामणदिवा, पाणी तापवण्याचा बंब, घंगाळ, हंडा, कळशी, परात, पानाचा डबा आणि अडकित्ता या वस्तू आज शोभेच्या मानल्या जातात. पुण्यातील कसबा पेठेतील तांबट आळी तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. हातोडीचे ठोके एकसारखे देऊन भांड्यावर उठवलेल्या लहान लहान खळग्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यांमुळे पत्रा कठीण होतो आणि भांडे सहज पोचत नाही. त्या खुणांवर पडणारा उजेड हे पुढे त्याचे सौंदर्य ठरले.

बैठक व चित्रे : ओसरीवर किंवा दिवाणखान्यात सतरंजी, गाद्या, लोड-तक्के यांची बैठक असते. झोपाळा तुळईला साखळ्यांनी टांगतात. भिंतीवर देवादिकांची छापील चित्रे चौकटीत लावण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. पुण्यातील चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये सुरू झाला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन नंतर मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलवण्यात आला. या चित्रांमुळे वाड्यांतील भित्तिचित्रांचे विषय सामान्य घरांपर्यंत पोहोचले.

सणांनुसार सजावट

पारंपरिक घराची सजावट स्थिर नसून ऋतू व सण यांप्रमाणे बदलते. आषाढातील दिव्याच्या अमावास्येला घरातील सर्व दिवे घासून-पुसून पुजले जातात. नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर नाग काढतात. गौरींच्या आगमनाला उंबरठ्यापासून देवघरापर्यंत पावले रेखाटली जातात. दसऱ्याला झेंडू व आंब्याच्या पानांच्या तोरणात भाताच्या लोंब्याही गुंफल्या जातात. दिवाळीत आकाशकंदील, पणत्या व अंगणात मुलांनी केलेला मातीचा किल्ला असतो. दारातील रांगोळी आणि तुळशीवृंदावनापुढचा दिवा मात्र रोजचा असतो. सण संपल्यावर यांपैकी बरेच काही पुसले किंवा विसर्जित केले जाते.

नव्या घरांतील वापर

मुळशी तालुक्यात एकाच वेळी बांधकामाच्या अनेक तऱ्हा दिसतात. हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यानाभोवती उंच इमारती आहेत, तर मोसे खोऱ्यातील लवासा प्रकल्पातील दासवे ही वसाहत इटलीतील पोर्टोफिनो या किनारी गावाच्या धर्तीवर आखण्यात आली. या पार्श्वभूमीवर स्थानिक परंपरेकडे वळणाऱ्या घरांत सामान्यतः पांढऱ्या भिंती, लाकडाचा नैसर्गिक रंग, दगडी जोते, उतरते छप्पर आणि मोजक्या जुन्या वस्तू असे मिश्रण आढळते.

सिमेंट-काँक्रीटच्या घरात लाकडी खांब भार पेलत नाही. तो केवळ दर्शनी असतो. तरीही तो तळखड्यावर उभा केल्यास पुसलेल्या फरशीच्या पाण्यापासून वाचतो. झोपाळ्याचे कडे दर्शनी छताला न लावता काँक्रीटच्या तुळईत पक्के करावे लागते. भिंती पातळ असल्याने खोल कोनाडा करता येत नाही, म्हणून कोनाड्याची जागा बांधकामापूर्वीच ठरवली जाते. छपराचा उतार व पुढे काढलेली पागोळी हे जुने घटक आजही उपयोगी ठरतात. पश्चिमेकडील गावांत सपाट गच्चीवर पुढे पत्र्याचे छप्पर चढवलेले पाहायला मिळते, ते याच कारणाने.

महाराष्ट्रातील इतर लोककलांचाही अशा घरांत वापर होतो. परंतु वारली चित्रकला ही पालघर-ठाणे भागातील आदिवासींची, गंजिफा सावंतवाडीची आणि चित्रकथी पिंगुळीची कला आहे. त्यांना मुळशीची स्थानिक कला म्हणता येत नाही. येथील स्थानिक परंपरा चित्रांपेक्षा सुतारकाम, सारवण, घोंगडी-गोधडी आणि रोजची भांडी यांत अधिक दिसते.

जुन्या लाकडाचा प्रश्न

नव्या घरांत लावले जाणारे जुने दरवाजे, खांब आणि तुळया बहुधा पाडलेल्या वाड्यांतून व घरांतून येतात. लाकडी सांगाडा खुंट्या-सांध्यांनी जोडलेला असल्याने तो सुटा करून दुसरीकडे नेता येतो. पूर्वीही घर नव्याने बांधताना जुने वासे व तुळया पुन्हा वापरल्या जात. त्या वेळी लाकडाचे काम तेच राहत असे. तुळई पुन्हा तुळई म्हणूनच चढे.

वाटण्या, भाडेकरूंचे प्रश्न, दुरुस्तीचा खर्च आणि जमिनीचे वाढते मोल यांमुळे जुनी घरे पाडली जातात. पाडलेले लाकूड विकत घेणाऱ्यामुळे ते सरपणात जाण्यापासून वाचते, ही एक बाजू. मात्र कोरीव दरवाजाला चांगली किंमत मिळू लागली की उभे घर मोडून विकण्याचा मोह वाढतो, ही दुसरी बाजू. शिवाय घरापासून तुटलेला दरवाजा कोणत्या गावचा, कोणत्या काळातला, कोणत्या सुताराच्या हातचा, ही माहिती त्याच्यासोबत येत नाही. त्यामुळे स्थापत्याच्या अभ्यासाचे साधन म्हणून त्याचे मोल कमी होते.

१९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून अधिक जुन्या शिल्प, कोरीवकाम व अन्य कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात. त्यांची खासगी निर्यात करता येत नाही, तसेच काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी आवश्यक असते. स्थानिक सुताराकडून नवे काम करवून घेणे हा याला पर्याय आहे. त्यामुळे जुने घर शाबूत राहते आणि कारागिरीही चालू राहते.

देखभाल

पारंपरिक घर दरवर्षी हात लावूनच टिकते. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, म्हणजे फुटकी कौले बदलून सर्व पुन्हा नीट बसवणे, आणि पाऊस सरल्यावर सारवण व सफेदी हा वार्षिक क्रम आहे. मातीच्या भिंतीला चुना चालतो, कारण त्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग दिल्यास ओल आत कोंडते व थर सुटू लागतात. लाकडाला उकळलेले जवसाचे तेल, म्हणजेच बेलतेल, लावतात; वाळवीवर सतत लक्ष ठेवावे लागते. तांब्या-पितळेची भांडी चिंच व राख यांनी घासतात. स्वयंपाकासाठी वापरायच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई असणे आवश्यक असते, कारण आंबट पदार्थांशी या धातूंची क्रिया होते.

यातील सारवण, भांडी घासणे, दिवे उजळणे ही कामे परंपरेने स्त्रियांच्या वाट्याला आली आहेत. जुन्या घराची प्रसन्नता या रोजच्या, मोबदला नसलेल्या श्रमांवर उभी होती. सुतार, कुंभार, कल्हईवाला यांचे काम कमी होत गेले आणि घरातील माणसेही नोकरीसाठी बाहेर पडली, तेव्हा अनेक कुटुंबांनी फरशी, स्टील व पत्रा यांचा स्वीकार केला. म्हणून हा बदल केवळ अभिरुचीचा नसून श्रम वाचवण्याचाही होता.

संग्रह

या परंपरेतील वस्तू एकत्र पाहण्याचे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास सुरुवात केली आणि दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव दिले. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवण्यात आला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तू हे त्याचे वैशिष्ट्य आहे. सामान्य घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूही जपण्यायोग्य आहेत, हा विचार या संग्रहामुळे महाराष्ट्रात रुजण्यास मदत झाली.