जुन्या डब्यांच्या खिडक्यांना हवे नवे रबर

लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस रेल्वेच्या डब्याची खरी परीक्षा घेतो. वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर कोसळणारा हा पाऊस बोर घाटाच्या १:३७ चढणीवर वाऱ्यासह आडवा येऊन डब्यावर आदळतो. काच फुटलेली नसते, पत्राही शाबूत असतो, तरी पाणी आत येते. ते येते काच आणि पत्रा यांना जोडणाऱ्या रबरी पट्टीतून, म्हणजे कारागीर जिला 'बीडिंग' म्हणतात तिच्यातून. जुना डबा जतन करू पाहणाऱ्याला रंग मिळतो, लाकूड मिळते, सुतारही मिळतो. ही पट्टी मात्र सहजासहजी मिळत नाही.

लाकडी चौकटीच्या जमान्यात ही अडचण नव्हती. मोडलेली पट्टी सुतार नवी घडवून देई. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या 'डेक्कन क्वीन'ला १९६६ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यात बांधलेले पोलादी डबे मिळाले. पोलादी डब्यातील पक्क्या बसविलेल्या काचांसाठी, विशेषतः वातानुकूलित डब्यात, रबर अपरिहार्य ठरते. पेरांबूरने या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला आणि जून २०२२ मध्ये 'डेक्कन क्वीन'नेही नव्या एलएचबी डब्यांचा साज चढविला. सेवेतून उतरलेल्या जुन्या डब्यांना आता दुसरे आयुष्य मिळू लागले आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये अशाच एका डब्यात उपाहारगृह सुरू झाले.

रबर म्हातारे का होते? नैसर्गिक रबराच्या रेणुसाखळीत दुहेरी बंध असतात. हवेतील ओझोन नेमका त्यांवर घाव घालतो आणि ताणलेल्या पट्टीवर बारीक आडव्या भेगा पडतात. ऊन तिला कडक करते. भेगेतून शिरलेले पाणी खिडकीखाली भिंतीच्या पोकळीत उतरते, तेथेच साचते आणि पत्रा आतून कुजवू लागते. बाहेरचा रंग फुगतो तेव्हा आतले पुष्कळसे नुकसान होऊन गेलेले असते. काही रुपयांच्या पट्टीपायी हजारोंचे पत्राकाम निघते, ते असे.

गोदामात पडून राहिलेली जुनी पट्टी घेण्याचा मोह टाळावा. न वापरताही रबर जुने होतेच. बसची बांधणी करणाऱ्यांकडे मिळणारी पट्टी आडव्या छेदात इंग्रजी 'एच'च्या आकाराची असते आणि पुष्कळदा जुळतेही. तीही जुळली नाही, तर नवी ओतवून घ्यावी लागते. त्यासाठी मावळातून फार दूर जावे लागत नाही. तळेगाव, चाकण, भोसरी हा सारा मोटारउद्योगाचा पट्टा आहे, आणि मोटार म्हटली की रबर आलेच. (तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, तेव्हा काचेशी मावळाचे नाते मोटारींहून जुने.) नव्या पट्टीसाठी पोलादी साचा, म्हणजे 'डाय' कापावा लागतो. त्याचा खर्च पाच मीटरला तितकाच आणि पाचशे मीटरला तितकाच. म्हणून एकट्याने मागणी नोंदविण्यापेक्षा दोन-चार डब्यांची एकत्र नोंदविणे शहाणपणाचे.

येथे सर्वांत मोठी चूक होते ती मापात. जुनी पट्टी आकसलेली, दबलेली असते. तिची हुबेहूब नक्कल केली, तर नवी पट्टी पहिल्या दिवसापासून सैल बसते. माप घ्यायचे ते काचेच्या जाडीचे, पत्र्याच्या कडेचे आणि दोहोंमधील फटीचे. जुन्या पट्टीचा धारदार पात्याने काढलेला छेद हा आकाराचा पुरावा म्हणून जपावा, मापाचा नव्हे.

पदार्थाची निवडही महत्त्वाची. 'ईपीडीएम' या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ऊन, पाऊस व ओझोन यांना ते दीर्घकाळ तोंड देते. मात्र खनिज तेल लागल्यास फुगते. जेथे तेलाचा संबंध येतो, तेथे निओप्रीन बरे. साधे रबर पेटल्यावर दाट धूर ओकते. म्हणून प्रवासी वाहून नेणाऱ्या डब्यात अग्निरोधक प्रकारच हवा. जेथे चूल पेटणार, त्या उभ्या डब्यातही काटकसर नको.

पट्टी बसविण्याची रीत जुनीच आहे. काचेला पट्टी चढवायची, तिच्या बाहेरच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचे पाणी लावायचे आणि एकाने बाहेरून काच दाबून धरली असता दुसऱ्याने आतून सुतळी ओढीत जायचे. रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप उलटतो. शेवटी मधल्या खाचेत बारीक पट्टी ठोकली, की काच आवळली जाते. रबराचा सांधा वरच्या बाजूस मध्यावर यावा, खाली कधीही नाही. मग नळीने पाण्याचा मारा करून पाहावे, तोही जूनच्या आधी. पाहताना नजर खालच्या दोन कोपऱ्यांवर ठेवावी. पहिला थेंब तेथेच दिसतो.