टायरचा सातबारा



लागण, खोडवा, ठिबक, उतारा या विषयांवर या पानांतून आपण नेहमी वाचतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. तो म्हणजे आपल्या दारात उभ्या असलेल्या छोट्या मोटारीचे टायर. ‘त्यात काय लिहायचं? झिजला की बदलायचा,’ असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. ते म्हणणे मला कसे महाग पडले ते आधी सांगतो.

माझ्याकडे मारुती अल्टो आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिचे चारही टायर बदलायला आले होते. उसाचे शेवटचे बिल यायचे होते आणि लागणीचा खर्च तोंडावर होता. म्हणून दोनच टायर घेतले. दुकानदाराने विचारले, “अण्णा, पुढं घालू का मागं?” मी म्हटले, “इंजन पुढं, वळण पुढं, मग पुढंच घाला की!” त्याने घातले. मागचे झिजलेले दोन तसेच राहिले. सहा-सात हजार वाचले म्हणून मी खुशीत घरी आलो.

श्रावणात एका संध्याकाळी आईला घेऊन तालुक्याला दवाखान्यात निघालो होतो. भुरभुर पाऊस चालू होता आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी ओढून आणलेला चिखल होता. वेग पन्नाशीच्या आतच होता. ओढ्याअलीकडच्या वळणावर गाडीचे तोंड वळले, पण मागचा भाग वळलाच नाही, तो सरळ बाहेर गेला. गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने उसात शिरून थांबली. उसाने झेलले म्हणून वाचलो. आईचे मनगट मात्र मोडले. ऑपरेशन आणि औषधपाणी धरून पासष्ट हजार गेले. पैशाचे सोडा. पन्नास वर्षे भाकरी थापणारा तो हात आता पुरता वळत नाही. आई मला एका शब्दाने बोलली नाही. पण ती सुनेला “आता तूच थाप गं बाई” म्हणते, तेव्हा मला ते वाचवलेले सहा-सात हजार आठवतात.

गाडी ओढून नेली तेव्हा मिस्त्रीने चारी चाकांवरून हात फिरवला आणि विचारले, “अण्णा, बैल घेताना दात बघता ना? मग टायर घेताना काय बघितलं?” मी गप्प झालो. त्या दिवसापासून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

बदलायची वेळ कोणती?

छोट्या मोटारीच्या नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलीमीटर खोल असते. खाचेत वाकून पाहिले तर मधेमधे रबराचे आडवे उंचवटे दिसतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की खोली १.६ मिलीमीटर उरली असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे मोटारीला ही शेवटची हद्द आहे. त्याखालचा टायर रस्त्यावर आणणे बेकायदा आहे.

पण कायद्याची हद्द म्हणजे सुरक्षिततेची हद्द नव्हे. खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाहेर काढायचे असते. शेतातला चर बुजत आला की रान तुंबते, तसेच इथेही होते. खाच उथळ झाली की पाणी निघत नाही आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. तेव्हा खोली तीन मिलीमीटरच्या आसपास आली, की मृगाआधीच टायर बदलावा. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात चिखल असतो आणि हंगामात वाहनांतून सांडलेली चिपाडे, पाचट आणि रस असतो. चांगल्या डांबरी रस्त्याचा हिशेब इथे चालत नाही.

झीज कुठे आहे तेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली जाते. मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त भरली जाते. एकच कड झिजली तर बहुधा चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असते. हे कारण दुरुस्त न करता नवा टायर घातला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

सातबारा वाचायला शिका

जमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय आपण इसार देत नाही. टायरचाही सातबारा असतो आणि तो त्याच्या बाजूवरच लिहिलेला असतो. माझ्या गाडीच्या टायरवर १४५/८० आर १२ ७४ टी असे आहे. त्याचा अर्थ असा.

१४५ ही टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलीमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी. १२ म्हणजे रिमचा व्यास १२ इंच. ७४ हा भाराचा आकडा आहे. तो किलो नव्हे, कोष्टकातला क्रमांक आहे, आणि त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ३७५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला चालणारा.

आता यात फसगत कशी होते पाहा. जुन्या मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२ असतो. रुंदी तीच, रिम तीच, आणि दुकानात शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. पण ७० आणि ८० च्या फरकामुळे त्याचा व्यास २९ मिलीमीटरने, म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटरने कमी भरतो. शिवाय भाराचा आकडा ६९ असला तर एका टायरमागे ३२५ किलोच, म्हणजे ५० किलो कमी. ‘बसतोय की, घाला’ असे म्हणून तो अल्टोला चढवला तर गाडी खाली बसेल, वेगाचा काटा खोटा बोलेल, आणि मागे खताची पोती टाकली की टायर ताकदीबाहेर जाईल.

तसाच उलटा मोह तरुण मंडळींना होतो, रुंद टायर घालून गाडी रुबाबदार करण्याचा. त्यात स्टिअरिंग जड होते, मायलेज घटते आणि वळताना टायर आत घासू शकतो. गाडीच्या पुस्तकात आणि ड्रायव्हरच्या दारातल्या पट्टीवर कंपनीने माप लिहिलेले असते. तेच घ्यावे. भाराचा आकडा त्यापेक्षा कमी कधीही नको.

टायरचे दात

टायरचे वयही त्याच्यावरच असते. बाजूवर इंग्रजीत डी-ओ-टी अशी अक्षरे असलेली एक ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हे आकडे बरेचदा एकाच बाजूवर असतात, तेव्हा टायर उलटून पाहायला लाजू नये.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ऊन आणि हवा लागून ते कडक होते आणि त्याला बारीक चिरा पडतात. आपल्याकडे पुष्कळ गाड्या महिन्यातून चार वेळा निघतात, एरवी शेडमध्ये असतात. त्यांची नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालक निर्धास्त असतो. बऱ्याच टायर कंपन्यांचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षे झाली की झीज नसली तरी टायर काढून टाकावा. विकत घेताना मात्र वर्षाच्या आतला माल मागावा. ‘जुना स्टॉक आहे, हजार कमी द्या’ असे कोणी म्हटले तर ते हजार कशाचे कमी झाले ते ओळखावे. स्टेपनीचेही दात पाहावेत. तिची आठवण आपल्याला नेमकी रात्री आडरानात होते.

दोन घेतले तर कुठे घालायचे?

चारही एकदम घेणे उत्तम. पण शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी येतो हे आपल्याला ठाऊक आहे. दोनच घ्यायचे असतील तर नवी जोडी मागे घालावी आणि उरलेल्यांतले बरे दोन पुढे आणावेत. इंजिन पुढे असले तरी हेच.

कारण सोपे आहे. पुढची चाके घसरू लागली तर स्टिअरिंग हलके लागते, गाडी कमी वळते आणि आपण पाय उचलतो. मागची घसरली तर आगाऊ सूचना नाही, गाडी फिरूनच जाते. माझ्या बाबतीत तेच झाले. मात्र पुढे आणलेले टायरही हद्दीच्या वरचे असले पाहिजेत. चारही गुळगुळीत असतील तर ‘दोनावर भागवू’ हा विचारच सोडावा. थोडे थांबून, हात उसने घेऊन चार घ्यावेत. एकाच आसावर दोन वेगळ्या मापांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर कधी घालू नयेत.

दुकानात काय पाहावे?

आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा क्रमांक पाहावा. मोटारीच्या टायरसाठी तो आहे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा. पुढे टायरला फुगा आला तर हमीसाठी हेच कागद लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा ५ टक्के. ‘बिल नको, स्वस्तात देतो’ या बोलण्याला भुलू नये.

झिजलेल्या टायरला गरम सुरीने नव्या खाचा पाडून विकणारे काही ठिकाणी भेटतात. त्यात रबर वाढत नाही, उलट आतल्या धाग्यापर्यंतची जाडी कमी होते. असा टायर फुकटही घेऊ नये.

टायर ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा घालून घ्यावा. रिम गंजलेली किंवा ठेचलेली असेल तर आधी ती नीट करावी, नाहीतर हवा धरत नाही. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. आणि मिस्त्री चाके बसवत असताना चहाला जाऊ नये, शेजारी उभे राहावे.

हवा

शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. हवा टायर थंड असताना, दारातल्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे, पंधरवड्यातून एकदा तपासावी. ट्रॉलीला हवा भरणाऱ्या पोराने अंदाजाने फुस्स केले म्हणजे काम झाले असे नव्हे. मीटर लावायला सांगावे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, त्याने तो तापतो आणि लांबच्या वेगवान प्रवासात फुटतो. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. शिर्डी-नागपूरला निघालेल्या माणसाला ते त्रासाचे वाटले असेल, पण त्यात त्याचाच जीव वाचत होता.

बंधूंनो, चार टायर रस्त्याला टेकतात ते प्रत्येकी तळहाताएवढ्या जागेवर. एवढ्याशा जागेवर आपण आई, बायको, लेकरे बसवून निघतो. पुढच्या सर्वसाधारण सभेला याल तेव्हा गाडी लावल्यावर लगेच मांडवाकडे जाऊ नका. दोन मिनिटे वाका, खाचा बघा, चार आकडे वाचा. शेजारच्या गाडीचेही वाचा आणि काही वावगे दिसले तर मालकाला सांगा. मला त्या उन्हाळ्यात कोणी सांगितले असते, तर आमच्या घरात आजही आईच्याच हातची भाकरी झाली असती.

— एक ऊस-उत्पादक सभासद