नियमात न बसणारी गाडी

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून तुम्हांला ठाऊक असेल. डिसेंबर २०२१ मध्ये ते गाव आणखी एका कारणाने गाजले. तेथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातले भाग जोडून एक छोटी चारचाकी बनवली. ती चक्क किक मारून सुरू होते! उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, असेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली.

गोष्ट गोड झाली, पण एक प्रश्न मागे उरला. आगळे यंत्र नियमांत बसत नसेल, तर चूक यंत्राची की नियमाची? हा प्रश्न सर्वांत जास्त कुठे रंगला असेल, तर मोटारसायकलींच्या शर्यतींत.

घनसेंटिमीटरचे कोडे

शर्यतीत गाड्यांचे गट इंजिनाच्या घनफळावरून पाडतात. दट्ट्या खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, तेवढे हे घनफळ. आता असे पाहा. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात 'प्रिया' ही स्कूटर तयार होत असे. हे उत्पादन आता बंद झाले आहे, पण तुमच्या आजोबांना ती नक्की आठवेल. तिचे इंजिन १५० घनसेंमी, टू-स्ट्रोक. तिच्याशेजारी १५० घनसेंमीचीच फोर-स्ट्रोक मोटारसायकल उभी करा. दोघींचा गट एकच धरावा का?

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली गेला, म्हणजे आस एकदा फिरला, की एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये एका स्फोटासाठी आसाला दोन फेरे घ्यावे लागतात. मिनिटाला ६००० फेरे असतील, तर पहिल्यात ६००० स्फोट होतील आणि दुसऱ्यात ३००० च. म्हणजे घनफळ सारखे असले, तरी संधी सारखी नाही. मात्र टू-स्ट्रोकची शक्ती बरोबर दुप्पटही होत नाही, कारण जळलेल्या वायूबरोबर थोडे ताजे मिश्रणही बाहेर निसटते.

जागतिक स्पर्धेच्या नियमकर्त्यांपुढेही हेच कोडे होते. २००२ साली मोटोजीपी स्पर्धेत त्यांनी ५०० घनसेंमीच्या टू-स्ट्रोकसमोर ९९० घनसेंमीपर्यंतच्या फोर-स्ट्रोकना परवानगी दिली. तराजू मात्र उलट बाजूला झुकला! मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्या सरस ठरल्या आणि थोड्याच काळात टू-स्ट्रोक त्या स्पर्धेतून नाहीशा झाल्या.

दट्ट्या गोलच असावा का?

पूर्वी नियमात एक अट होती: ५०० घनसेंमीच्या इंजिनाला चारपेक्षा जास्त सिलिंडर नकोत. होंडाच्या अभियंत्यांना तर आठ सिलिंडरांचे फायदे हवे होते. मग त्यांनी काय केले? दोन नाणी शेजारी ठेवून त्यांभोवती दोरा ताणून गुंडाळला, तर जो लांबट आकार मिळेल, त्या आकाराचे दट्ट्ये बनवले. प्रत्येक दट्ट्याला दोन दांडे आणि प्रत्येक सिलिंडरला आठ झडपा. सिलिंडर मोजले तर चारच, झडपा मात्र बत्तीस!

ही 'एनआर ५००' १९७९ साली सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत उतरली. नियमाचे एक अक्षरही तिने मोडले नव्हते. पण दोन्ही गाड्या शर्यत अर्धवट सोडून बाहेर पडल्या आणि पुढेही या गाडीला जागतिक मालिकेतील एकही शर्यत जिंकता आली नाही. तिला अडवण्याची गरजच पडली नाही. निकाल शर्यतीनेच दिला.

बंदी योग्य ठरते तेव्हा

प्रत्येक वेळी असे मोकळे सोडून चालते का? नाही. १९५० नंतरच्या काळात मोटारसायकलीचे पुढचे चाकही झाकणारी मोठी कवचे निघाली. हवेचा अवरोध कमी झाला, वेग वाढला. पण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर तुम्ही गेला असाल, तर पवनचक्क्या फिरवणारा तो वारा आठवा. तसा वारा आडवा आला तर? कवचाचा मोठा भाग पुढे असल्याने वाऱ्याचा जोर गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो, आणि गाडीचे तोंड वाऱ्याबरोबर वळू लागते. म्हणून १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने अशा कवचांवर बंदी घातली. येथे आक्षेप आगळेपणाला नव्हता, धोक्याला होता.

मग नियम कसा करावा?

शर्यतीचे नियम मुख्यतः तीन हेतूंनी केलेले असतात: चालक सुरक्षित राहावा, संधी सारखी मिळावी आणि खर्च आवाक्यात राहावा. आगळी गाडी दारात आली, की हे तीन प्रश्न विचारावेत. धोका असेल, तर बंदी. संधी असमान होत असेल, तर वेगळा गट किंवा वेगळी मर्यादा. खर्च भलताच वाढत असेल, तर त्याला आवर. तिन्हींना बाध येत नसेल, तर 'अशी गाडी आम्ही कधी पाहिली नाही' हे काही अडवण्याचे कारण नव्हे.

विजेच्या मोटारसायकलीने तर आता जुने मापच निकामी केले आहे. तिच्यात दट्ट्या नाही, मग घनसेंटिमीटर कोठून आणणार? २०१९ साली अशा गाड्यांसाठी 'मोटोई' ही स्वतंत्र स्पर्धा सुरू करावी लागली, ती २०२५ पर्यंत चालली.

आता थोडे काम तुम्हांला. समजा, सातारा आणि सांगलीच्या शाळांनी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या दुचाकींची मैदानावर स्पर्धा ठेवली. कोणी पायडलची आणेल, कोणी बॅटरीची. वर्गात बसून तिचे दहा नियम लिहा. प्रत्येक नियमासमोर 'कशासाठी?' असा रकाना ठेवा आणि तो भरा. जो रकाना भरता येणार नाही, तो नियम खोडून टाका. शेवटी दहापैकी किती उरतात, ते आपल्या विज्ञानशिक्षकांना दाखवा.