हात न लावता लिहिलेली चिठ्ठी

पाथरीतल्या एका वस्तीत पौर्णिमेच्या वंदनेनंतर शुगर-बीपीची माहिती द्यायला आम्ही विहारात बसलो होतो. गोळ्या चुकवू नका, पायाचे तळवे रोज बघा, अनवाणी फिरू नका, एवढं सांगून झालं. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी पायाचं फडकं सोडलं. अंगठ्याजवळ जखम होती आणि तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या. दीड महिना झाला म्हणाल्या.

"आजी, दवाखान्यात दाखवलं नाही का?"

"गेल्ते की एकदा. आडनाव इचारलं, कुठल्या गल्लीतल्या म्हनून इचारलं. मंग लांबूनच बघितलं आन् चिठ्ठी लिहिली. माझ्या आधीच्या बाईचा पाय हातात धरून बघितला व्हता. म्या परत गेलेच नाही."

शेजारी बसलेला मुलगा लगेच म्हणाला, "आई, तुझा गैरसमज झाला असंल. गर्दी असती तिथं." आणि खरं सांगायचं तर आमच्याही तोंडून निघून गेलं, "डॉक्टरांना घाई असेल, आजी."

"असंल बाबा," म्हणून आजींनी फडकं परत बांधलं आणि गप्प झाल्या.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. दवाखान्यात एकाने भेद केला, पण तो झालाच नाही असं सांगणारे आम्ही तिचेच होतो.

जुनीच रीत

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्या शिक्षकाचं पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. तिला जुलाब लागले, छाती भरली, श्वास घेता येईना. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, पण रोगी वस्तीबाहेर आणायचा या अटीवर. आजारी बाळंतिणीला तान्ह्या बाळासकट बाहेर आणलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिलं, त्याने ते नवऱ्याला दिलं, नवऱ्याने बायकोला लावलं, आणि ते तसंच हातोहात परत गेलं. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि औषध पाठवलं. नंतर तो पुन्हा बघायला आला नाही. ती माउली गेली.

त्या डॉक्टरला कोणी जाब विचारला असता तर तो म्हणाला असता, "मी आलो, ताप पाहिला, औषध दिलं. आणखी काय करायचं?" आज अट कोणी उघड घालत नाही. पण हात न लावता चिठ्ठी लिहिली, तरी "तपासलं की" हे उत्तर तयार असतं.

नेहमीच्या सबबी

*"सगळ्यांशीच तसं बोलतात."* असेलही. दरवेळी जातच असते असं आम्ही म्हणत नाही. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, माणूस थकतो, चिडतो. पण ओळखायला एक साधी खूण आहे. आपल्या आधीच्या आणि नंतरच्या रुग्णाशी ते कसे वागले? आडनाव कळण्याआधी कसे होते आणि नंतर कसे झाले? आजींनी नेमकं हेच पाहिलं होतं.

*"आता कुठे राहिली जात?"* मग आडनावावर भागेना म्हणून गल्ली कशाला विचारतात?

*"कामाचा ताण होता, जातीचा काही संबंध नाही."* 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजाच्या. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळतात अशी घरच्यांची तक्रार होती. आरोपी डॉक्टरांनी ती नाकारली आणि कामाच्या ताणाकडे बोट दाखवलं. निकाल कोर्ट देईल. पण पांढरा कोट घातलेल्या आपल्या लेकीबाळींनाही हे ऐकावं लागतं, हे लक्षात ठेवा.

*"तुम्ही तर बौद्ध झालात, आता कसली जात?"* धम्म स्वीकारून आपण जात टाकली. समोरच्याने टाकली नाही, म्हणून तर प्रश्न आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे ॲट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण आपल्यालाही आहे.

सबबीने आजार वाढतो

अपमान झालेला माणूस दवाखाना टाळतो. शुगरची गोळी बंद होते, गरोदर बाई तपासणी चुकवते, टीबीचा कोर्स अर्धवट राहतो. घरचेच "तुझा गैरसमज" म्हणाले, की पुढच्या वेळी माणूस दुखणंही सांगत नाही. अमेरिकेत बाळंतपणात मरण पावणाऱ्या काळ्या स्त्रियांचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण "दुखतंय" म्हणणाऱ्या काळ्या बाईचं नीट ऐकून घेतलं जात नाही, हे त्यातलं एक असल्याचं तिथले डॉक्टरच सांगतात.

काय करायचं?

– घरात कोणी असं सांगितलं, तर आधी ऐकून घ्या. "नक्की काय झालं, सांग" एवढंच विचारा.

– दवाखान्यात एकट्याने जाऊ नका. वस्तीतली शिकलेली पोरं, आशाताई, महिला मंडळ यांपैकी कोणाला तरी सोबत घ्या.

– न भांडता स्पष्ट सांगा, "डॉक्टरसाहेब, जखम जवळून बघा. नाडी, बीपी तपासा." तपासून घेणं हा आपला हक्क आहे.

– तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. चिठ्ठी व केसपेपर जपून ठेवा.

– खाजगी दवाखान्यात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी लावणं महाराष्ट्रात 2021 पासून बंधनकारक आहे. ती कुठे आहे, विचारा.

– अस्पृश्यतेवरून दवाखान्यात घेतलं नाही किंवा आत भेदभाव केला, तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक 14566 आहे.

– आणि उपचार थांबवू नका. एक दार वाईट निघालं तर दुसरं ठोठवा. शुगर असलेल्याची पायाची जखम एक दिवसही अंगावर काढायची नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने स्टुलावर बसून पाय हातात घेतला, जखम धुतली, पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता. बाहेर आल्यावर आम्ही आजींची माफी मागितली, "आजी, तुमचं खरं होतं. आमचं चुकलं."

आजी म्हणाल्या, "पाय बरा होईल बाळा. पर खरं हाय म्हनलास, ते बरं केलंस."